कांदा निर्यातबंदी: नाशिक, दिल्ली आणि ढाका

बांगलादेश आता भारतीय कांदा पूर्वीसारखा घेत नाही, ही तक्रार नाशिक जिल्ह्यात गेली दोनेक वर्षे ऐकू येते. त्याचे खापर बहुतेक वेळा ऑगस्ट २०२४ मधल्या ढाक्यातील सत्तांतरावर फुटते. दोन्ही देशांचे बिनसले आणि कांदा अडला, असा हा हिशेब. तो अर्धाच खरा आहे. सीमेपलीकडे कांद्याखालचे क्षेत्र वाढवण्याची धडपड सत्तांतराच्या बरीच आधी सुरू झाली होती आणि तिची कारणे दिल्लीतून निघालेल्या अधिसूचनांमध्ये सापडतात.

फार मागे जाण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत निर्यातीची किल्ली एका केंद्रीय सहकारी संस्थेच्या हाती होती आणि शेजाऱ्यांच्या गरजेचा विचार त्या चौकटीत होई तेवढाच. १९९८ मध्ये कांदा भडकला, निर्यात बंद झाली, तरी दिल्ली आणि राजस्थानातल्या सत्ताधाऱ्यांना निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागली. त्यानंतर केंद्रात कोणाचेही सरकार असो, कांद्याचा भाव चढू लागला की पहिला हात निर्यातीवर पडतो.

डिसेंबर २०१० मध्ये असाच हात पडला. त्या वेळी भारताने वाघा सीमेवरून पाकिस्तानी कांदा आणला आणि जानेवारीत पाकिस्तानने जमिनीच्या मार्गाने होणारी ही निर्यात थांबवली. शेजाऱ्याने अचानक माल अडवल्यावर काय होते, याचा अनुभव त्या निमित्ताने आपल्यालाही आला. धोरणात त्याची नोंद झाल्याचे दिसत नाही.

प्रश्नाचे मूळ हंगामात आहे. आपला उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, ठेवून ऑक्टोबरपर्यंत पुरवला जातो. खरिपाचा लाल कांदा पावसाने झोडपला किंवा उशिरा आला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात आवक आटते. बांगलादेशात पबना, फरीदपूर, राजबाडी भागातला मुख्य कांदाही मार्च-एप्रिललाच येतो. डिसेंबरच्या सुमारास ‘मुडिकाटा’ नावाचा आगाप कांदा निघतो, पण तो टिकत नाही. म्हणजे दोघांची रिकामी वेळ एकच. ज्या महिन्यांत ढाक्याला आपला कांदा सर्वाधिक लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत दिल्लीला तो देशाबाहेर जाऊ नये असे वाटते.

२०१९ मध्ये हे उघडे पडले. १३ सप्टेंबरला टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य लागले, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवता येईना, आणि २९ सप्टेंबरला पूर्ण बंदी आली, तीही महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाकघरात कांदा घालू नका असे आपण सांगून टाकले आहे, असे त्या भर सभेत हिंदीतून बोलल्या. सभागृह हसले. पण त्याच बोलण्यातला दुसरा भाग गंभीर होता: बंदी घालायची तर आधी सांगा, म्हणजे आम्ही दुसरीकडून आणू. नोव्हेंबरात ढाक्यात किलोचा भाव २५० टाकांच्या (टाका हे बांगलादेशाचे चलन) आसपास गेला. सरकारी ट्रकवर ४५ टाकांनी मिळणाऱ्या कांद्यासाठी रांगा लागल्या आणि परदेशातून कांदा चक्क विमानाने आणावा लागला. पाकिस्तानकडूनही कित्येक वर्षांनी माल घेतला गेला.

जानेवारी २०२० मध्ये ढाक्यात दोन्ही देशांच्या व्यापार सचिवांची बैठक झाली. अत्यावश्यक वस्तूंवर निर्बंध घालू नयेत आणि घालायचेच तर आगाऊ कळवावे, ही विनंती तिथेही करण्यात आली.

आणि मग १४ सप्टेंबर २०२० आला. या निर्णयावर थोडे थांबले पाहिजे, कारण शेजाऱ्यांच्या मनात बसलेली बंदी ती हीच. त्या दिवशी संध्याकाळी अधिसूचना निघाली आणि सर्व जातींच्या कांद्याची निर्यात तत्काळ थांबली. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या सीमेवरच्या नाक्यांवर मालाने भरलेले ट्रक जागच्या जागी उभे राहिले. बांगलादेशी आयातदारांनी पतपत्रे (बँकेमार्फत पैशांची हमी) उघडलेली होती, सौदे झालेले होते. दुर्गापूजेसाठी बांगलादेशाने खास परवानगी देऊन पाठवलेल्या इलिश माशांची पहिली खेप त्याच दिवशी भारतात पोहोचली होती. हा योगायोग होता, पण ढाक्यातल्या वृत्तपत्रांनी तो योगायोग म्हणून मांडला नाही. एकदोन दिवसांत तिथला भाव शंभर टाकांच्या पुढे गेला. ढाक्याने पत्र लिहून तीव्र चिंता व्यक्त केली आणि २०१९ व २०२० मधल्या चर्चांत झालेल्या सामंजस्याला अशा अचानक घोषणेमुळे तडा जातो, असे त्यात म्हटले. काही दिवसांनी अडकलेल्यांपैकी सुमारे २५,००० टन माल सोडायची खास मुभा मिळाली. पण सप्टेंबरच्या उकाड्यात ताडपत्रीखाली राहिलेल्या कांद्यातला बराचसा तोवर सडला होता.

दिल्लीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पावसाने कर्नाटकातले पीक गेले होते, महाराष्ट्रात चाळीतला कांदा नासत होता आणि बिहारची निवडणूक जवळ होती. आगाऊ सूचना दिली तर व्यापारी तेवढ्या मुदतीत मिळेल तो माल बाहेर काढतील, हा युक्तिवादही खोटा नाही. मात्र जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत याचा विचार झालेला आहे. अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते, पण आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितके आधी लेखी कळवावे, असे शेतीविषयक करारात म्हटले आहे. विकसनशील देशांना यातून सूट आहे. ज्या वस्तूची निव्वळ निर्यात होते तिच्यापुरती मात्र ती सूट लागू नाही, आणि कांद्यात भारत निव्वळ निर्यातदारच आहे. शिवाय जूनमध्येच कांदा-बटाटा साठ्यावर बंधने घालणाऱ्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कचाट्यातून सोडवल्याचे अध्यादेश काढून सांगितले गेले होते. त्याच सरकारने तीन महिन्यांत निर्यात बंद केली आणि ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादाही आणली. लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला हे जितके अनाकलनीय वाटले, तितकेच ढाक्याच्या श्यामबाजारातल्या आडत्यालाही.

१ जानेवारी २०२१ ला बंदी उठली तेव्हा बांगलादेशाने काय केले, याकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. सप्टेंबरात माफ केलेले आयातशुल्क त्याने पुन्हा लावले, कारण आता त्याला आपल्या शेतकऱ्याला जपायचे होते. कांद्याचे उत्पादन वाढवण्याचे कार्यक्रम आखले गेले, पावसाळी लागवडीसाठी बियाणे वाटले गेले. त्यात एक जात होती एन-५३, आपल्या खरिपाची जुनी जात. तिकडे ती नाशिकच्याच नावाने ओळखली जाते. भारताने ऑक्टोबर २०२० मध्ये कांदा बियाण्याच्या निर्यातीवरही बंदी घातली, पण बियाणे सीमा ओळखत नाही असे व्यापारी उगीच म्हणत नाहीत.

२०२३ ची फेरी याच वाटेने गेली, फक्त पायरीपायरीने. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि नाशिकचे लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचे किमान मूल्य लागले, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. या वेळी शेजाऱ्यांना सरकारी मार्गाने मोजून कांदा देण्याची पद्धत निघाली. बांगलादेशाच्या वाट्याला ५०,००० टन आले, भूतानला काही शे टन. भारतविरोधी सूर लावलेल्या मालदीवलाही जुन्या करारानुसार ३५ हजार टनांहून अधिक कोटा मिळाला. कोणाला किती द्यायचे, हे त्या काळात बाजाराऐवजी सरकार ठरवू लागले. इकडे एप्रिल २०२४ मध्ये, बंदी चालू असतानाच, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाल्यावर कांदा पट्ट्यात संतापाचा जो भडका उडाला, त्याचा हिशेब लोकसभेच्या मतमोजणीत दिसला.

नेपाळ आणि श्रीलंकेची गोष्ट वेगळी आहे. काठमांडूचा कालिमाटी बाजार जवळजवळ पूर्णपणे भारतीय कांद्यावर चालतो. बंदी आली की तिथे चिनी कांदा दिसतो, बंदी उठली की तो मागे पडतो. श्रीलंकेत २०२२ नंतर परकीय चलनाच्या तंगीमुळे महाग कांदा सोसवत नव्हता. दोघांकडेही बांगलादेशासारखी लागवड वाढवून मोकळे होण्याची सोय नाही.

बांगलादेशाने डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिस्तरावर गहू, तांदूळ, साखर, कांदा अशा वस्तूंचा वार्षिक कोटा मागितला होता. तेवढा माल दरवर्षी मिळेलच, एवढीच हमी त्याला हवी होती. ती मिळाली नाही, आणि वर्षभरात पुन्हा बंदी आली. १ एप्रिल २०२५ पासून भारताने कांद्यावरचे निर्यातशुल्क पूर्ण काढले, तेव्हा पबना-फरीदपूरचा मुख्य हंगाम भरात होता. कांदा आयातीचे परवाने रोखून धरण्यासाठी ढाक्यातल्या सत्तांतरानंतरच्या सरकारला राजकीय कारण शोधावे लागले नाही, स्वतःच्या शेतकऱ्याचा भाव पुरेसा होता.