गुलमर्गमधला स्कीइंगचा हिवाळा आणि हिमस्खलन

गुलमर्ग हे काश्मीरमधल्या बारामुल्ला जिल्ह्यातलं, पीर पंजाल रांगेत साधारण 2,650 मीटर उंचीवरचं ठिकाण. श्रीनगरपासून अंतर 50 किमीच्या आसपास. 1927 साली ब्रिटिशांनी इथे स्की क्लब काढला, 1948 मध्ये लष्कराची स्की स्कूल सुरू झाली जिचं 1962 ला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं, पण आज जगभरातून स्कीअर इथे येतात ते मुख्यतः गोंडोलामुळे, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेमुळे. त्याचा पहिला टप्पा 1998 ला आणि दुसरा 2005 ला सुरू झाला, आणि दुसऱ्या टप्प्याचा डबा तुम्हाला कोंगडोरी या मधल्या स्थानकावरून उचलून अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. तिथे दार उघडलं की चहूबाजूंनी उतारच उतार. यातला मधला बाऊल, म्हणजे वाटीसारखा खोलगट उतार, तेवढा स्की पेट्रोल हे सुरक्षा पथक सांभाळतं, म्हणजे मोठ्या बर्फवृष्टीनंतर स्फोटकं लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडतात, तोपर्यंत तो भाग बंद ठेवतात. या भागाच्या हद्दीवरच्या दोरीच्या आणि गेटच्या पलीकडे मात्र थेट जंगली हिमालय सुरू होतो, तिथे कुणी काही पाडून ठेवलेलं नसतं. गोंडोलाने वर आलोय म्हणजे सगळा डोंगर रिसॉर्टचाच आहे असं नव्याने येणाऱ्याला वाटतं, आणि गुलमर्गबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज हाच आहे.

हिवाळा कसा जातो

काश्मिरी हिवाळ्याचा कडक भाग म्हणजे चिल्लई कलान, 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या हवेच्या प्रणालींबरोबर, त्यामुळे तो रोज थोडा थोडा पडत नाही, दोन-तीन दिवस धो धो पडतो आणि मग आठवडाभर आकाश निळंशार. वादळात पायथ्याच्या टंगमर्ग गावाच्या वर चाकांना साखळी लावल्याशिवाय गाडी जात नाही, गोंडोलाचा वरचा टप्पा बंद असतो, वीज जाते, नळ गोठतात. हॉटेलच्या खोलीत बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची शेगडी, पेटलेली असते (झोपताना खिडकीला फट ठेवाच, धुराचा विषारी वायू कळतसुद्धा नाही), गावकऱ्यांच्या फेरनमध्ये (लांब, सैल झग्यात) निखाऱ्यांची कांगडी असते, घरात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, टोमॅटो, दुधी भोपळा शिजत असतो आणि नून चाय (मिठाचा चहा) दिवसभर चालू. हे बसून राहण्याचे दिवस स्कीअरला जड जातात, आणि मग आकाश उघडलं की सगळ्यांनाच एकदम वर जायची घाई होते. पण वादळानंतरचा पहिला उघडा दिवस हाच सगळ्यात जास्त जपण्याचा दिवस असतो, कारण नवा बर्फ अजून बसलेला नसतो आणि डोंगर इतका सुंदर दिसत असतो की डोक्यातल्या शंका आपोआप गप्प होतात.

बर्फ का सुटतो

स्कीअरला मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा स्लॅबचं असतं. वर एकसंध, चिकटून बसलेला थर, खाली एखादा कमकुवत थर, आणि त्याच्याखाली पुन्हा घट्ट बर्फ किंवा जमीन. मधला थर कोसळला की भेग क्षणात उतारभर पळते आणि अख्खा वरचा थर तुटून निघतो. हा कमकुवत थर तयार होतो तो बऱ्याचदा शांत, स्वच्छ, कडाक्याच्या थंडीत. बर्फाचा थर पातळ असेल, जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास आणि वरची हवा उणे पंधरा, तर खालची वाफ वर सरकते आणि दाण्यांचे एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे सुटे खडे होतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारी कोरडा गेला तर नुसतं स्कीइंगच हुकत नाही, पुढे जो बर्फ पडणार त्याचा पायाही खराब होऊन बसलेला असतो, आणि तो आठवडेच्या आठवडे तसाच टिकू शकतो, विशेषतः सावलीच्या उतारांवर. त्यात वारा. वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, त्यामुळे रात्री तिथे बर्फ पडलेला नसला तरी सकाळी जाड, पोकळ वाजणारी स्लॅब तयार असू शकते.

बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. अडचण अशी की स्कीइंगची मजाही नेमकी त्याच उतारावर असते. आणि ज्या हिमस्खलनात माणसं सापडतात त्यातली दहापैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेली असतात. मला वाटतं या विषयातली शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच, कारण नशिबाने डोंगर कोसळला असं म्हणून सोडून देता येत नाही, उतार कुठला आणि कधी घ्यायचा हे माणूस ठरवत असतो.

गुलमर्गने याची किंमत मोजलेली आहे. 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांवर हिमस्खलन आलं, त्यात किमान 17 जण गेले. 1 फेब्रुवारी 2023 ला हापतखुड भागात पोलंडच्या दोन स्कीअरचा मृत्यू झाला, आणि 22 फेब्रुवारी 2024 ला, जानेवारी जवळजवळ कोरडा गेल्यावर आलेल्या मोठ्या बर्फवृष्टीनंतर, खिलनमर्गच्या वर एक रशियन स्कीअर गेला. या शेवटच्या दोन्ही वेळा खास स्कीइंगसाठी परदेशातून आलेले लोक होते, म्हणजे अनुभवाने आपोआप संरक्षण मिळत नाही.

वाचायचं कसं

डोंगर स्वतः सांगत असतो, फक्त ते मानायची तयारी लागते. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसतंय, पायाखाली ‘धुम्म’ असा दबका आवाज येऊन बर्फ खचतोय, स्कीच्या टोकापासून भेगा पळतायत, गेल्या चोवीस तासांत 30 सेंमीच्या वर बर्फ पडलाय, जोराचा वारा झालाय, अचानक ऊन तापलंय किंवा पाऊस झालाय, यातलं एक जरी असलं तरी तीव्र उतार त्या दिवसापुरता विसरायचा. खड्डा खणूनही बघतात. सुरक्षित, पण जिथे जायचंय त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर मीटर-सव्वा मीटर खणून 30 बाय 30 सेंमीचा बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावडं आडवं ठेवायचं आणि मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. मनगटाच्या थापांनाच खांबाचा वरचा भाग ड्रॉवर ओढल्यासारखा सपकन बाहेर सरकला तर निर्णय झाला, परत फिरायचं. मात्र खांब टिकला म्हणून सगळा उतार सुरक्षित असं होत नाही, दहा मीटरवर चित्र वेगळं असू शकतं. ही चाचणी नाही म्हणायला वापरावी, हो म्हणायला नाही.

धोक्याची पातळी 1 ते 5 अशी सांगतात, आणि जगभरात खूपसे मृत्यू 3 ला होतात, कारण 4-5 ला लोक घाबरून घरी बसतात आणि 3 म्हणजे मधलंच काहीतरी असं समजून निघतात. भारतात संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची डीजीआरई ही संस्था (पूर्वीची सासे) हिमस्खलनाचा अंदाज देते आणि आपत्ती व्यवस्थापनाचे इशारे जिल्हावार येतात, पण अख्ख्या बारामुल्ल्याचा इशारा तुमच्या समोरच्या घळीबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी सकाळी स्की पेट्रोलला आणि टंगमर्गच्या स्थानिक गाइडना विचारणं याला पर्याय नाही, ते लोक पहिल्या बर्फापासून हा डोंगर बघत असतात.

गाडला गेला तर

दोरीच्या पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं छोटं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच, आणि तिन्ही वापरायची सवय हवी, नुसती बॅगेत असून उपयोग नाही. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतो, अंगावरच्या आतल्या कपड्यांवर बांधायचा, मोबाइल त्यापासून लांब ठेवायचा, सकाळी निघण्याआधी एकेकाचा तपासायचा. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघत.

वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण जगतात, अर्ध्या तासानंतर तो आकडा कोसळतो, बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. म्हणून मदत बोलवायला सगळेच पळू नका, एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी शोधायचं. सिग्नल मिळाला की ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून हळूहळू सरकवायचा, सगळ्यात छोटा आकडा येईल तिथून प्रोब उताराला काटकोनात खुपसत 25-25 सेंमी अंतराने गोल वाढवत जायचं. माणूस लागला की प्रोब तिथेच राहू द्यायचा. खणायला सुरुवात बरोबर वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने, थोडं अंतर सोडून, म्हणजे आडवं आत शिरता येतं. आधी तोंड-नाक मोकळं, छातीवरचा बर्फ बाजूला, श्वास नसेल तर तोंडाने श्वास देऊन सीपीआर.

मुंबई-पुण्याहून आता बरीच मंडळी इथे येतात, काही जण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगचा कोर्स करायला. समुद्रसपाटीवरून निघून दुसऱ्याच दिवशी 3,950 मीटरवर उभं राहिलं की डोकं दुखतं, दम लागतो आणि निर्णयही चुकतात, तेव्हा पहिले दोन दिवस खालीच काढावेत. जीन्स आणि सुती बनियन नको, ओलं झालं की अंग गार पडतं. बेसिक कोर्समध्ये वळणं आणि थांबणं शिकवतात, तेवढ्यावर गेटच्या पलीकडे जाऊ नये, त्यासाठी हिमस्खलनाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ट्रान्सीव्हर पुरून शोधायचा सराव दर हंगामात नव्याने करावा लागतो.