लायसोसोम की बाहेर? पेशीतल्या वेसिकल्सची पार्श्वभूमी
लायसोसोम, म्हणजे पेशीतला नको असलेलं जिरवणारा कप्पा, 1955 ला सापडला, पण खरी गोष्ट सुरू होते 1983 ला. मेंढी आणि उंदराच्या अपक्व लाल पेशींवर काम करणाऱ्या दोन वेगळ्या टीम्सना दिसलं की पेशी पक्व होताना नको झालेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर (पेशीत लोह आत घेणारा प्रोटीन) बारक्या वेसिकल्सवर, म्हणजे पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांवर, बसून चक्क बाहेर पडतोय. म्हणजे पोटात वेसिकल्स भरलेला एन्डोसोम (पेशीने आत घेतलेला माल वेगळा करणारा कप्पा) एक तर लायसोसोमला जाऊन मिळतो नाहीतर पेशीच्या पडद्याला, आणि यातलं काय होणार ते बऱ्याच अंशी सिग्नलवर ठरतं.

आधी लायसोसोमच्या बाजूचा सिग्नल बघू. 2009 ला कळलं की टीएफईबी हा प्रोटीन लायसोसोमचे बरेचसे जीन एकदम चालू करतो. मग 2012 पर्यंत हेही कळलं की अमिनो ॲसिड भरपूर असली की लायसोसोमवरच बसलेला एमटॉर (पोषण किती आहे ते ओळखणारा एन्झाइम) टीएफईबीला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतो. गंमत म्हणजे टीएफईबी नसलेली उंदराची पिल्लं वारेत रक्तवाहिन्या नीट न झाल्याने गर्भातच मरतात हे 1998 पासून माहीत होतं, लायसोसोमशी संबंध तेव्हा कुणी जोडला नव्हता.

आता वादाचा मुद्दा. एक्सोसोम हे नाव 1981 ला पडद्यावरून सुटणाऱ्या वेसिकल्सना दिलेलं, 1987 ला ते एन्डोसोममधून येणाऱ्यांना चिकटलं. पुढे 1,00,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) सेंट्रिफ्यूज करून तळाशी जे बसेल त्याला लोक सर्रास एक्सोसोम म्हणायला लागले, त्यात दोन्ही प्रकार असायचे. या क्षेत्रातल्या संशोधकांच्या 2018 च्या गाइडलाइनने सांगितलं की उगम सिद्ध करा नाहीतर नुसतं एक्स्ट्रासेल्युलर वेसिकल (पेशीबाहेरचा वेसिकल) म्हणा. बऱ्याच जणांना हे जाचक वाटलं, मला अगदी योग्य वाटतं. पण त्यानंतर उगम शोधायचंच सोडून सगळं त्या मोठ्या नावाखाली ढकलणं सुरू झालं, ते फार खटकतं. कारण भ्रूणाच्या विकासाच्या अभ्यासात उगमच तर हवाय. 2012 ला माशीत आणि माणसाच्या पेशींत डब्ल्यूएनटी (विकासात पेशींना संदेश देणारा प्रोटीन) एक्सोसोमवरून बाहेर जाताना दाखवला, आता तोच वेसिकल थेट पडद्यावरून सुटला असेल तर लायसोसोमशी स्पर्धेचा प्रश्नच येत नाही, आणि एन्डोसोममधून आला असेल तर लायसोसोमवर परिणाम करणारा प्रत्येक सिग्नल डब्ल्यूएनटी किती बाहेर जाणार यातही ढवळाढवळ करू शकतो.

2019 ला झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणात हे वेसिकल्स रक्तातून वाहताना थेट बघता आले. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी आणि मॅक्रोफेज (नको ते गिळणाऱ्या प्रतिकार पेशी) त्यांना पकडत होते आणि शेवटी त्यांच्या लायसोसोममध्येच जिरवत होते.