चारशे डब्या आणि धुण्याचे दोन तास

समजा, २० किलो क्रीम तयार आहे. ५० ग्रॅमची एक डबी धरली तर ४०० डब्या झाल्या. मिनिटाला ६० डब्या भरणारं यंत्र हे काम सात मिनिटांत उरकतं. मिनिटाला १० भरणाऱ्याला ४० मिनिटं लागतात. मग हॉपर (माल ओतायचं नरसाळ्यासारखं भांडं), पंप, नळ्या, नोझल (माल बाहेर सोडणारी तोटी) उघडायचे, धुवायचे, निर्जंतुक करायचे, वाळवून परत जोडायचे आणि पुढच्या मालाचं माप लावायचं. यात दोन तास गेले, तर वेग सहापट वाढवूनही एकूण वेळ १६० मिनिटांवरून जेमतेम १२७ वर येतो. याउलट ते दोन तास अर्ध्या तासावर आणले, तर तेच हळू यंत्र ७० मिनिटांत पुढच्या बॅचसाठी मोकळं!

सौंदर्यप्रसाधनांच्या छोट्या बॅचसाठी बनवलेल्या यंत्रांची खरी करामत या धुण्या-जोडण्यात असते. मोटारींच्या कारखान्यांना हे आधी उमगलं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीमुळे टोयोटाच्या १,००० टनी प्रेसचा साचा बदलायला लागणारा चार तासांचा वेळ १९६९ साली आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आला. जे काम यंत्र चालू असताना करता येतं, ते यंत्र थांबवून करायचं नाही, हे त्यामागचं मुख्य सूत्र. भरण यंत्रात त्याचा अर्थ असा, की धुतलेल्या नोझल-सिलिंडरचा दुसरा संच शेजारी तयार ठेवायचा आणि सांधे पाना न लावता हातानं सुटणारे क्लॅम्पचे घ्यायचे.

सांधे झाले, मालाचा स्वभाव मात्र असा सहज हाताळता येत नाही. टोनर जवळपास पाण्यासारखा वाहतो. क्रीम ठरावीक दाब पडेपर्यंत घनासारखं जागच्या जागी बसून राहतं, ढकललं की पातळ होऊन सरकतं आणि सोडलं की पुन्हा घट्ट होऊ लागतं. तळहातावर ते ओघळत नाही ते याच गुणामुळे. हॉपरमध्ये मात्र हाच गुण आडवा येतो. मधलं क्रीम खाली ओढलं जातं, कडेचं भिंतीला चिकटून राहतं, मध्ये बोगदा पडतो आणि पंप हवा ओढू लागतो. म्हणून दाट मालासाठी वरून दाब देणारी तबकडी किंवा भिंती खरवडणारं पातं लागतं. विक्रेता पाणी भरून यंत्र दाखवतो तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. चाचणी स्वतःच्या क्रीमवरच घ्यावी.

नोझलच्या व्यासाचा परिणाम चकित करणारा आहे. पाण्यासारखा द्रव संथपणे वाहत असेल, तर दाब आणि लांबी तीच ठेवून व्यास दुप्पट केल्यावर प्रवाह १६ पट होतो. सरकताना पातळ होणाऱ्या क्रीमच्या बाबतीत तर वाढ त्याहूनही जास्त. पण त्याच रुंद नोझलमधून टोनर भरला तर टपटप गळत राहील. म्हणून प्रत्येक प्रकारच्या मालाला वेगळं नोझल. चिकट जेलची तार लोंबू नये म्हणून माल ढकलणारा पिस्टन शेवटी किंचित मागे ओढतात. फेसाळ शाम्पूसाठी नोझल बाटलीच्या तळाशी नेऊन, पातळीसोबत वर उचलत भरतात.

माप नेमकं राहतं ते पिस्टनमुळे. सिलिंडरचा आतला व्यास ४० मिलिमीटर असेल, तर पिस्टन एक मिलिमीटर सरकला की सव्वा मिलिलिटर माल बाहेर पडतो. थांबण्यात ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर फरक साधारण ०.१३ मिलिलिटरचा. १०० मिलिलिटरच्या बाटलीत तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. ५ मिलिलिटरच्या नमुना-कुपीत तीच चूक अडीच टक्क्यांची होते. ‘५ ते ५०० मिलिलिटर’ अशी जाहिरात वाचली की विचारावं, एकाच सिलिंडरवर की सिलिंडर बदलून?

महागड्या सीरमसाठी मला पेरिस्टाल्टिक पंप जास्त शहाणपणाचा वाटतो. यात रोलर लवचिक नळीला बाहेरून दाबत पुढे सरकतात. अन्ननलिका घास ढकलते तसाच हा प्रकार. पंपातला माल फक्त नळीलाच लागतो, त्यामुळे नळी बदलली की पंप स्वच्छ. मात्र सतत दाबून नळी थकते आणि माप हळूहळू सरकतं, तेव्हा अधूनमधून वजन करून तपासावंच लागतं. घट्ट क्रीमला हा पंप नको.

गॅस्केटकडे, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी कड्याकडे, फारसं कुणी बघत नाही. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं, तर सिलिकॉन सुगंध शोषून धरतं. गुलाबाच्या लोशननंतर बिनवासाचं क्रीम भरायचं असेल, तर चकचकीत स्टील धुऊन उपयोग नाही. गॅस्केटही बदलावी लागते.

सुटे भाग बदलून एकाच यंत्रावर वेगवेगळा माल भरायची ही लवचिकता परफ्यूमशी मात्र चालत नाही. परफ्यूममधलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल, आणि शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. परफ्यूममध्ये पाणी मिसळून हा आकडा थोडा वर सरकला, तरी नेहमीच्या खोलीत धोका राहतोच. क्रीमच्या यंत्राची साधी विजेची मोटर आणि स्विच ठिणगी पाडू शकतात. म्हणून परफ्यूमसाठी दाबाच्या हवेवर चालणारं किंवा स्फोटरोधक विद्युत भागांचं वेगळं यंत्र घेतात, त्याला अर्थिंग करतात आणि वाफ बाहेर खेचणारा पंखाही ठिणगीरोधक लावतात.