भात-पोळी सोडल्याशिवाय वजन उतरत नाही?

‘भात-पोळी बंद करा, वजन आपोआप उतरेल’ हे सगळीकडे ऐकू येतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर हेच तपासलं. एका गटाने कार्ब (भात-पोळीसारख्या पदार्थांतली कर्बोदकं) कमी केले, दुसऱ्याने फॅट (तेल-तूप वगैरे). २०१८ मध्ये निष्कर्ष आले. कमी कार्बवाल्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, कमी फॅटवाल्यांचं ५.३. म्हणजे फरक नगण्यच. साखर-मैदा टाळून भाज्या भरपूर खायला दोन्ही गटांना सांगितलं होतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो खरा, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (कर्बोदकांच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. ग्लायकोजेन संपलं की तेही जातं. पुन्हा भात सुरू केला की परत येतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी अजिबात तोडू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.