कंबरदुखीचं बिल : अमेरिकेत मणक्याची शस्त्रक्रिया महागली कशी

1960 मध्ये अमेरिका आरोग्यावर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्के खर्च करत होती. 2023 मध्ये हा वाटा 17.6 टक्क्यांवर गेला. माणशी साडेचौदा हजार डॉलरच्या आसपास. कारणं अनेक आहेत. पण पैसा नेमका कसा वाहतो हे पाहायचं असेल, तर पाठीच्या कण्याइतकं बोलकं उदाहरण नाही.

मणके एकमेकांना जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया मुळात कंबरदुखीसाठी नव्हतीच. 1911 मध्ये न्यूयॉर्कला रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी ती वेगवेगळी केली, ती मणक्याच्या क्षयासाठी. 1934 मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली चकती सरकली की ती नस दाबते हे दाखवलं आणि सर्जनांसमोर रोग्यांची नवीच रांग उभी राहिली. 1965 मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. ज्या वयात मणके झिजतात, नेमक्या त्याच वयाचं बिल आता सरकार भरू लागलं. पुढे मणके घट्ट धरणारे स्क्रू आले, 1996 पासून दोन मणक्यांमध्ये बसवायचे पिंजरे आले, 2002 मध्ये हाड वाढवणारं प्रथिन आलं. प्रत्येकाची किंमत वेगळी लागते, हे सांगायला नकोच.

मधे एकदा सरकारनेच विचारलं होतं, याचा उपयोग किती? 1989 मध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी संस्थेने डिसेंबर 1994 मध्ये कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सूर साधा होता: अचानक उद्भवलेली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. मणक्याचे सर्जन खवळले. स्क्रू बनवणाऱ्या एका कंपनीने तर कोर्टाचं दार ठोठावलं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, संस्थाच बंद करण्याची भाषा झाली. ती कशीबशी वाचली, पण निधी कापला गेला आणि अशा सूचना काढणं तिने सोडून दिलं. 1999 मध्ये नावही बदललं. माझ्या मते या सगळ्या हकिकतीचा कणा इथेच आहे.

पुढची वाट मोकळी होती. मेडिकेअरच्या रोग्यांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्याची नळी अरुंद झालेल्यांवर होणाऱ्या गुंतागुंतीच्या जोडणीचं (अनेक मणके, किंवा पुढून आणि मागून दोन्हीकडून) प्रमाण 2002 ते 2007 या पाच वर्षांत पंधरा पट झालं होतं. मणके न जोडता नुसता नसांवरचा दाब मोकळा केला तर रुग्णालयाचं सरासरी बिल 23,724 डॉलर. गुंतागुंतीची जोडणी केली तर 80,888. (बिल म्हणजे मिळालेले पैसे नव्हेत, तिथे विमावाले घासाघीस करतात.) इतक्या झपाट्याने कुणाचेच मणके बिघडत नाहीत.

2004 मध्ये कमरेच्या मणक्यांच्या पूर्वनियोजित जोडण्या सुमारे 1,22,700 झाल्या, 2015 मध्ये 1,99,100. म्हणजे वाढ 62 टक्के. याच काळात त्यांवरचा रुग्णालयांचा एकूण खर्च मात्र 177 टक्क्यांनी वाढून 10 अब्ज डॉलरपलीकडे गेला.