लॅक्टिक ॲसिडचं राज्य कसं गेलं

शंभर मीटरची शर्यत दहा-बारा सेकंदांत आटोपते. तेवढ्या वेळात स्नायूंना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा क्रिएटिन फॉस्फेट नावाचं रसायन उचलतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र असं काही स्नायूत असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा बोलबाला होता लॅक्टिक ॲसिडचा. केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर दाखवून दिलं होतं, की दमलेल्या स्नायूत हे आम्ल साचतं आणि भरपूर ऑक्सिजन मिळाला की ओसरतं. त्यावरून समज रुजला, की आम्ल तयार होतं म्हणूनच स्नायू आकुंचन पावतो. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चं नोबेल मिळालं आणि या समजाला आणखी वजन आलं.

त्याला पहिला तडा गेला बोस्टनमध्ये, तोही आडवाटेने. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवत होते. रसायन घातलं की निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त, एवढी ती सोपी. पण स्नायूच्या अर्कात हा निळा रंग रेंगाळत, हळूहळू चढायचा. दुसऱ्या कुणी नमुना खराब म्हणून ओतून दिला असता. या दोघांनी पिच्छा पुरवला आणि १९२७ मध्ये क्रिएटिन फॉस्फेट हाती लागलं. स्नायू कामाला लावला की ते घटायचं, विसावला की पुन्हा भरायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं एगलटन दांपत्यही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच पदार्थापर्यंत पोचलं होतं.

घाव घातला तो डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी. आयोडोॲसिटिक आम्लाची विषबाधा झालेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड तयारच होत नव्हतं, तरी तो थोडा वेळ छान आकुंचन पावत होता. संपत होतं ते क्रिएटिन फॉस्फेट. १९३० चा हा निष्कर्ष हिल यांनी आढेवेढे न घेता मान्य केला आणि १९३२ मधल्या लेखात त्याला सरळ क्रांती म्हटलं. असा दिलदारपणा विज्ञानातही विरळाच.

क्रिएटिन फॉस्फेट हाही थेट इंधन नव्हे, तर खर्ची पडणारं एटीपी, म्हणजे स्नायूचं खरं थेट इंधन, तत्काळ भरून काढणारा साठा, हे १९३४ मध्ये कार्ल लोमान यांच्या प्रयोगांतून कळलं. जिवंत स्नायूच्या एकाच आकुंचनात एटीपी घटतं, याचा थेट पुरावा मिळायला मात्र १९६२ साल उजाडलं.