चुंबकीय एकध्रुव १९७५ साली सापडला नव्हता

केवळ उत्तर किंवा केवळ दक्षिण ध्रुव असलेला कण, म्हणजे चुंबकीय एकध्रुव, १९७५ साली वैश्विक किरणांत, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांत, सापडला, असे अजूनही लिहिले जाते; ते खरे नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातून उडालेल्या फुग्यासोबत लेक्सान प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांची चळत पाठवली होती. जड कण प्लास्टिकमधून जाताना रेणूंच्या साखळ्या तोडतो, आणि पत्रा सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला की ती जागा भोवतालापेक्षा लवकर झिजून सूक्ष्मदर्शकाखाली शंकूच्या आकाराचा खड्डा दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्यूफर्ड प्राइस व सहकाऱ्यांना एका कणाच्या मार्गावरील खड्डे चळतीच्या वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखेच आढळले; साधे अणुकेंद्रक मंदावत जाते तसे ते वाढायला हवे होते, एकध्रुवाचे मात्र जवळजवळ सारखे राहणे अपेक्षित होते, म्हणून त्यांनी एकध्रुवाची घोषणा केली. मात्र भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी दाखवून दिले की प्लॅटिनमचे केंद्रक वाटेत तुटून आधी ऑस्मियम आणि मग टँटलम झाले असेल, तर विद्युतभार घटत गेल्यामुळे खड्डे असेच दिसतील. प्राइस यांनी फेरमोजणी करून १९७८ साली एकध्रुवाचा दावा सोडून दिला, आणि हे मला मूळ घोषणेहून मोलाचे वाटते. तंत्र मात्र टाकाऊ ठरले नाही: सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेत एकध्रुव शोधणाऱ्या मोएडल प्रयोगातही प्लास्टिकचे पत्रे वापरले गेले, पण खात्रीचा एकही एकध्रुव मिळालेला नाही.